चवथीआधी गोळ्या मोजा: मुलांच्या मानसोपचाराच्या औषधांविषयी

मुलासाठी लिहिलेल्या मानसोपचाराच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ एवढंच असेल, तर ती चिठ्ठी अर्धवट आहे. गोळी नेमकी कशासाठी, फरक पडला हे कशावरून ओळखायचं आणि ती थांबवायचा विचार कधी करायचा, हे पहिल्याच दिवशी त्याच कागदावर यायला हवं. लिहायला अर्धं मिनिट लागतं. गोव्यात बांबोळीला सरकारी ओपीडीत गर्दी असो नाहीतर म्हापशातल्या खासगी दवाखान्यात रांग असो, घाईत नेमकं हेच राहून जातं. म्हणून आईबापांनी ते मागून घ्यावं. "डॉक्टर, ही कधीपर्यंत?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो.

खाली मात्रेचे आकडे येतील. ते डॉक्टर काय करताहेत हे कळावं म्हणून आहेत, घरी मात्रा ठरवण्यासाठी नव्हेत.

"चंचलपणा कमी व्हावा" हे कारण म्हणून पुरेसं नाही, कारण ते मोजता येत नाही. "फळ्यावरचं निम्म्याहून जास्त वहीत उतरतं का", "आठवड्यात किती वेळा वर्गाबाहेर काढलं", "जेवणाच्या ताटावरून किती वेळा उठतो" हे मोजता येतं. अशा दोन-तीन गोष्टी ठरवाव्यात आणि गोळी सुरू व्हायच्या आधीच आठवडाभर नोंदवाव्यात. आधीची नोंद नसेल तर महिन्याने "थोडा बरा वाटतो" एवढंच हाती लागतं, आणि त्या "थोडा बरा"वर मात्रा वाढत जाते. शाळेतल्या बाईंना निदान सांगायलाच हवं असं नाही. दर शुक्रवारी तेच तीन प्रश्न विचारावेत, आणि जमलं तर मात्रा कधी बदलली हे त्यांना सांगू नये. मात्रा वाढली हे माहीत असलेल्याला फरक दिसतोच.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे औषध लागतं का. अक्षर-अंक न जमणाऱ्या मुलाला गोळीने वाचता येत नाही. त्याला अध्ययन अक्षमतेची तपासणी आणि शिकवण्याची वेगळी पद्धत लागते. ऐकू नीट येतं का, डोळ्यांचा नंबर आहे का, रक्त कमी आहे का, थायरॉइड कसं आहे, रात्री मोबाइल उशाशी असतो का, हे सगळं चिठ्ठीच्या आधी बघायचं. बाप बोटीवर असलेल्या घरांत मुलाचं वागणं कोणत्या महिन्यात बिघडतं तेही कॅलेंडरवर बघावं. बाबा गेल्यानंतरचे सहा आठवडे आणि बाबा परत आल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस हीच जर बिघडण्याची वेळ असेल, तर तिथे आधी बोलायची गरज आहे, गोळीची नाही. सहा वर्षांखालच्या मुलाच्या अतिचंचलपणात तर पहिला उपचार आईवडिलांचं प्रशिक्षण हाच.

औषधाने काहीच होत नाही, सगळं कंपन्यांचं कारस्थान, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास पुरे. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ नैराश्यग्रस्त मुलांवरचा, टॅड्स नावाने ओळखला जाणारा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि समुपदेशनाची सीबीटी पद्धत दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले. नुसत्या फ्लुओक्सेटिनवर सुमारे ६१, नुसत्या सीबीटीवर ४३ आणि बिनऔषधी गोळीवर ३५ टक्के. गोळी काम करते, गोळी आणि बोलणं मिळून अधिक करतात, आणि खोट्या गोळीवरही तिघांतला एक सुधारतो. हा शेवटचा आकडा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. सौम्य नैराश्यात चार आठवडे भेटीगाठी, झोप आणि शाळेतला ताण यांवर काम करून मग चिठ्ठी लिहिली तर काही बिघडत नाही.

याच २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्याच्या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २४ चाचण्यांतल्या ४,४०० हून अधिक मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषधावरच्या सुमारे ४ टक्के मुलांत आणि खोट्या गोळीवरच्या २ टक्के मुलांत आढळलं. त्या चाचण्यांत एकाही मुलाने आत्महत्या केली नव्हती. या इशाऱ्याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही, देऊन मुलाला महिनाभर वाऱ्यावर सोडू नका असा आहे. पहिले चार आठवडे दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन हवा. फ्लुओक्सेटिन बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि एक-दोन आठवड्यांनी २० वर नेतात. मन हलकं व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, पण अस्वस्थता पहिल्या दहा दिवसांतच येऊ शकते: एका जागी बसवत नाही, झोप उडते, चिडचिड वाढते, मूल एरवी बोलत नाही असं काहीतरी बोलून जातं. तशात घरचे म्हणतात, "अजून गुण यायचा आहे, थांबूया." थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. रात्री-अपरात्री कोणी भेटलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जिवाचाच प्रश्न वाटला तर फोनवर वेळ न घालवता थेट गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, कॅज्युअल्टी गाठावी. आणि या काळात घरातली सगळीच औषधं, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसकट, कुलपात. मुलाची पाकिटं एका आठवड्यापुरतीच बाहेर.

आजीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आई-बाबा दोघंही सकाळी कामावर गेले की गोळी देते आजी. डॉक्टरांकडे मात्र ती कधीच आलेली नसते. तिच्या आणि नातवाच्या गोळ्या एकाच प्लॅस्टिकच्या डब्यात असतात, दोन्ही लहान, दोन्ही पांढऱ्या. निदान डबा तरी वेगळा करा, आणि एका भेटीला तिला सोबत आणा.

आता पातळ औषध. ऑटिझम असलेलं मूल स्वतःला मारतं, चावतं, घरात तोडफोड करतं, तेव्हा रिस्पेरिडोन लिहिलं जातं. ते ऑटिझमवरचं औषध नव्हे. बोलणं, नजर मिळवणं, मिसळणं यांत त्याने फरक पडत नाही, फक्त तो उद्रेक कमी होतो. वीस किलोखालच्या मुलाला सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने, त्यावरच्याला ०.५ ने. बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ०.२५ मिलिग्रॅम हे पाव मिलिलिटर. चहाच्या चमच्यात मावतं पाच मिलिलिटर, म्हणजे या मुलाच्या मात्रेच्या वीसपट. "थोडंसं चमच्यातून" हा प्रकार इथे चालतच नाही. फार्मसीतून बिनसुईची १ मिलिलिटरची सिरिंज घ्यायची, तिच्यावर ०.२५ च्या रेघेला पर्मनंट मार्करने खूण करायची, दट्ट्याची कड त्या खुणेवर आणायची आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावं, आणि बाटलीचा ब्रँड बदलला की लेबलावरचं प्रमाण पुन्हा वाचावं. आणखी एक गोष्ट: हे पातळ रिस्पेरिडोन चहात किंवा कोलात मिसळायचं नाही, त्यांच्याशी ते जुळत नाही. पाण्यातून किंवा दुधातून चालतं. आपल्याकडे सकाळचा चहा पाजताना त्यातच औषध ढकलायची सवय असते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

याच औषधाने भूक वाढते, आणि वाढते म्हणजे खूप वाढते. भाताचं पातेलं रिकामं व्हायला लागतं आणि "आता कुठे जेवायला लागला" म्हणून घर खूश होतं. सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी; तीन महिन्यांनी पुन्हा, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने. ही पहिली तपासणी नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मुलग्यांची छाती सुजते, मुलींची पाळी चुकते. वयात येणारं मूल हे आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

आणि मान. या गटातल्या औषधांच्या पहिल्या काही दिवसांत कधी कधी मुलाची मान एका बाजूला वळून तशीच राहते, डोळे वर चढतात, जीभ जड होते, जबडा आवळतो. बघणाऱ्याची छाती दडपते, आणि गावात कोणीतरी भूतबाधेचं, देवचाराचं नाव काढतंच. हा औषधाचा स्नायूंवरचा परिणाम आहे, त्याला डिस्टोनिया म्हणतात. गोळीचं पाकीट हातात घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं. प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिल्यावर बहुधा थोड्याच वेळात मान सरळ होते. पाकीट न्यायचं, कारण तिथल्या डॉक्टरला औषधाचं नाव कळलं नाही तर फिट समजून वेगळाच उपचार सुरू होऊ शकतो. देवाला प्रसाद लावायचा असेल तर लावावा, त्याला कोणाची ना नाही, फक्त इंजेक्शन आधी.

अतिचंचलपणावरचं मुख्य औषध मेथिलफेनिडेट. सुरुवात ५ मिलिग्रॅमने, दर आठवड्याला ५ ते १० ने वाढ, दिवसाला ६० च्या वर नाही. साध्या गोळीचा परिणाम चारेक तास टिकतो. गोव्यातल्या बऱ्याच शाळा आठच्या सुमारास भरतात आणि दुपारी एक-सव्वाला सुटतात. साडेसातला घेतलेली साधी गोळी साडेअकराला उतरते, नेमकी शेवटच्या दोन तासांना. मग बाई म्हणतात, "सकाळी ठीक असतो, मधल्या सुटीनंतर वर्ग डोक्यावर घेतो." हे औषध लागू न पडल्याचं लक्षण नव्हे, ते संपल्याचं आहे. त्यावर उपाय म्हणजे सावकाश सुटणारी लांब पल्ल्याची गोळी. ती चावायची, फोडायची किंवा कुटायची नाही, नाहीतर सगळ्या दिवसाची मात्रा एकदम अंगात उतरते. चारच्या शिकवणीसाठी आणखी एक गोळी मागणारे पालक असतात. तिथे मी ठाम आहे: शिकवणी कमी करा. दुपारनंतरची गोळी रात्रीची झोप खाते, आणि न झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी अधिकच चंचल.

भूक मरते ती दुपारची. म्हणून न्याहारी गोळीच्या आधी, तीही पोटभर. भाजी-पाव, अंडं, चपाती, जे जात असेल ते. दुपारचा डबा अर्धा परत आला तर भांडू नये. संध्याकाळी पाच-सहानंतर भूक परत येते, तेव्हा जेवणच वाढावं, चिप्सचं पाकीट नव्हे. वजन दर तीन महिन्यांनी, उंची सहा महिन्यांनी, एकाच काट्यावर आणि एकाच भिंतीवर. रक्तदाब आणि नाडी दर मात्राबदलाला. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक हृदयाने गेलं असेल, किंवा मूल खेळताना चक्कर येऊन पडत असेल, तर ते गोळीच्या आधी सांगायचं.

मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत फार्मसी दोन वर्षं ठेवते, आणि विकायला वेगळा परवाना लागतो. म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीत ते नसतं, आणि व्हिडिओ कॉलवरच्या सल्ल्याने ते लिहून देता येत नाही. काणकोणहून किंवा सत्तरीतून येणाऱ्याने परवानाधारक फार्मसीला आदल्या दिवशी फोन करून मगच कदंबा बस पकडावी.

जिथे ते मिळत नाही किंवा मानवत नाही तिथे ॲटोमोक्सेटिन. मात्रा वजनावर: किलोला ०.५ मिलिग्रॅमने सुरुवात आणि पुढे १.२ पर्यंत. म्हणजे ३० किलोच्या मुलाला १५ च्या आसपासपासून ३६ च्या आसपास, मिळणाऱ्या कॅप्सूलच्या मापात बसवून. चार ते सहा आठवडे थांबावं लागतं. गिळत नाही म्हणून कॅप्सूल उघडून पेजेत टाकणं बंद. आतली पूड डोळ्यांना झोंबते आणि ती तशी द्यायची नसते. गिळण्याचा सराव आधी चुरमुऱ्याच्या एका दाण्यावर करून घ्यावा.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. चार-पाच दिवस सगळं घर गावच्या मूळ घरात, डॉक्टर सुटीवर, फार्मसी अर्धा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येतं की पाकीट संपलं. प्रत्येक औषधाचं चुकणं वेगळं असतं. मेथिलफेनिडेट चुकलं तर मूल चार दिवस गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली उड्या मारेल, शरीराला अपाय नाही, ते रोजच्या रोज उतरतंच. फ्लुओक्सेटिन अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, तीन दिवस चुकले तर बहुधा जाणवतही नाही. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्राम ही नैराश्याचीच दुसरी औषधं चुकली तर दोन दिवसांत गरगरणं, मळमळ, रडवेलेपणा. रिस्पेरिडोन एकदम तुटलं की झोप उडते, आणि आक्रमकपणा उसळी मारू शकतो. सगळ्यांत धोक्याचं क्लोनिडिन. टिक्स (अंगाला आपोआप बसणारे झटके), अतिचंचलपणा किंवा झोपेसाठी दिलेली ही चिमुकली गोळी अचानक बंद पडली तर रक्तदाब उसळतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. फिटसाठी किंवा मूड सांभाळायला दिलेलं व्हॅलप्रोएट तुटलं तर फिट येऊ शकते. तेव्हा चतुर्थीच्या दहा दिवस आधी गोळ्या मोजायच्या आणि क्लोनिडिन असेल तर आठवड्याचा साठा कायम जास्तीचा ठेवायचा. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून मात्र कधीच घ्यायची नाही.

पावसाळ्यात खोकला आला की डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप घरी येतं. फ्लुओक्सेटिन घेणाऱ्या मुलाने ते टाळावं, दोन्ही मिळून घाम, थरथर, गोंधळ, ताप असा प्रकार होऊ शकतो. मूड सांभाळायला दिलेल्या लिथियमवरच्या मुलाने आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तातली पातळी चढते. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल. मे महिन्यात दुपारी फुटबॉल खेळून पाण्याविना राहिलं किंवा जुलाब लागले तरी लिथियम चढतंच. हाताचा कंप वाढला, चाल अडखळली, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टर. त्याची रक्ततपासणी गोळीनंतर बारा तासांनी करतात, म्हणून सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. वयात येणाऱ्या मुलीला व्हॅलप्रोएट शक्यतो नकोच: पाळीच्या आणि बीजकोशाच्या तक्रारी, आणि गर्भ राहिला तर बाळाला गंभीर व्यंगाचा धोका. दुसरा पर्याय का नाही, हे डॉक्टरांना विचारायचा हक्क आहे. झोपेच्या नेहमीच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या, यांचा मुलांवर उलटाच परिणाम होऊन मूल जास्तच बेभान होऊ शकतं.

चार औषधांच्या चिठ्ठीची मला चीड आहे. ती एका दिवसात तयार होत नाही. पहिल्या औषधाने झोप गेली म्हणून दुसरं, दुसऱ्याने वजन वाढलं म्हणून तिसरं, आणि पहिलं अजून लागतं का हे कोणी तपासलेलंच नसतं. एका वेळी एकच बदल, आणि दोन बदलांत किमान दोन आठवडे.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अठराखालच्या मुलाच्या वतीने संमती पालक देतात. भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायला हवं, पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं आणि ७२ तासांत या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायला हवं. विजेचा उपचार मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलांवर करता येत नाही. संमती पालकांची असली तरी चौदा-पंधराच्या मुलाला विचारल्याशिवाय सुरू केलेली गोळी बहुधा न्हाणीघराच्या नळाखाली जाते.

थांबवण्याकडे येतो. नैराश्यातून बरं वाटायला लागल्यानंतर सहा ते बारा महिने गोळी चालू ठेवतात, मग काही आठवड्यांत उतरवतात. दहावीच्या तोंडावर नाही. मेथिलफेनिडेट वर्षातून एकदा थांबवून बघावं, पण मेच्या सुटीत नव्हे. सुटीत बसायला कोणी सांगतच नाही, मग लागतं की नाही कळणार कसं? शाळा चालू, परीक्षा लांब, असे दोन आठवडे निवडावेत आणि बाईंना तेच तीन प्रश्न विचारावेत. रिस्पेरिडोन सहा महिने ते वर्षभर शांत गेल्यावर हळूहळू उतरवतात, दर दोन-चार आठवड्यांनी थोडं थोडं. उतरवताना ओठ चावल्यासारखे, बोटं नाचल्यासारखे काही चाळे दिसू शकतात. ते मूळ दुखणं परतल्याचं लक्षण नव्हे, आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत विरतात. त्या दिवसांत मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून तारखेसह ठेवावा आणि पुढच्या भेटीत तोच दाखवावा. मात्रा परत चढवायची की नाही हे डॉक्टर तो बघून ठरवतील.